मिठाची वीस पोती

खोडद, ता. ३-१०-१९९९

चि. आदेशभाऊजींस वृषालीवहिनीचे आशीर्वाद.

ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. खेकडे कात टाकतात, मऊ असताना बाकीचे त्यांना खातात, म्हणून तळं सोडून येता येत नाही, हे तुमचं कारण आप्पांना सांगितलं. दिवाळीलाही तेच होतं.

एक काळजी आहे. आप्पांनी विहिरीच्या वरच्या अंगाला मोठा खड्डा खणलाय. पावसाने तो भरला. आता ओतूरहून दलीचंदशेठकडची जाड्या मिठाची वीस पोती आणलीत. शेठनी विचारलं, सावळारामभाऊ, अख्ख्या खोडदचं लोणचं घालता काय? आप्पा म्हणाले, पोरगं लई दिवस खाडीवर राहिलं, आता खाडीच हितं करतो, हितंच खेकडे पाळंल. दसऱ्याला मीठ ओतणार आहेत. असं चालतं का? लगेच कळवा.

जिवाला जपा.
वृषाली

देवगड, ता. ७-१०-१९९९

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

मीठ ओतू देऊ नका. ते झिरपून विहिरीत उतरेल. आपला कांदा जाईल, शेजारच्या गेणभाऊंच्या घरचं प्यायचं पाणी जाईल. खाडीचं पाणी भरती-ओहोटीनं बदलतं, खड्ड्यातलं नाही. खेकडेही मरतील. आप्पा ऐकेनात तर पोत्यांवर बसा, तुम्हाला उठवायची त्यांची छाती नाही.

कात टाकण्याचं कारण खोटं होतं. चार दिवस बघायला इथे गडी आहे. दादा बुडाला त्या दिवशी तळ्याचं पाणी खाडीत सोडायच्या दाराच्या फळ्या काढायला त्याला मीच हाक मारली. ओहोटीची ओढ मला माहीत होती, त्याला नव्हती. आप्पांसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?

माया कमी करू नये.
आदेश

खोडद, ता. १२-१०-१९९९

चि. आदेशभाऊजींस आशीर्वाद.

पत्र आप्पांना वाचून दाखवलं. शेवटचं वाचावं की नाही कळेना, वाचलं. ते उठून गोठ्यात गेले. संध्याकाळी म्हणाले, पत्रातलं मला पटत न्हाई. दसऱ्याच्या सकाळी त्यानं हितं येऊन तोंडानं सांगावं, न्हाईतर मी पोती फोडणार.

पोती ओट्यावर आहेत. मी त्यांच्यावर बसूनच हे लिहिते आहे. सोमवारी रात्रीची एसटी धरा. आळेफाट्यावर आप्पा स्वतः येणार म्हणतात.

हाक तुम्ही मारली, हे तुमच्या गड्यानं आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. आप्पांना वर्षभर माहीत होतं. तरी त्यांनी खड्डा खणला.

वाट पाहते.
वहिनी