हप्ता म्हणजे सात दिवस

मी, शकुंतला राजाराम सोनकांबळे, वय ६९, राहणार वाकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भाचा मिथुन रोज फोन करतो, पण तो दबाव नव्हे, घाई आहे.

१. वाकोल्याची खोली माझी मुलगी संघमित्रा हिची. जावयांनी भिंतींचा रंग निवडू नये. मागचा अजून डोळ्यांत खुपतो.

२. अंधेरी एमआयडीसीच्या गेटबाहेरची माझी उसळपावाची गाडी, शेगडी आणि सर्व पातेली दादूला द्यावीत. कारण लिहिणे भाग आहे. १९९८ साली हे गेले, पोर दहावीत होती, म्हणून मी गाडी लावली. पहिल्याच शनिवारी त्या गेटावर वसुली करणारा दादू आला. "ए बाई, हप्ता काढ." आमचे गिऱ्हाईक श्यामकांत छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ते पाव खाता खाता म्हणाले, "फारसीत हफ्त म्हणजे सात, आपल्या सप्तचा भाऊ. हफ्ता म्हणजे आठवडा. दर आठवड्याला द्यायचं, म्हणून त्या देण्यालाच हप्ता म्हणू लागले."

दादूने रागाने उसळीचं पातेलंच उलथवलं. पाळी सुटलेले चाळीस उपाशी कामगार त्याच्यावर धावले. मी मध्ये पडले. म्हटलं, "मारू नका रे. हप्ता मागितलाय ना त्याने? मग आठवडा घेऊ दे. सात दिवस इथे कांदे चिरशील, काय रे?" मार चुकतोय म्हणून तो हो म्हणाला. आठव्या दिवशी मी त्याला बोलावलं नव्हतं. तरी माझ्याआधी येऊन त्याने शेगडी पेटवली होती. त्याला सव्वीस वर्षं झाली. त्या पातेल्याचे एकशे दहा रुपये मात्र त्याने अजून दिलेले नाहीत. ते मी माफ करत नाही.

३. बँकेतली आठ लाखांची ठेव मिथुनची. "आत्या, एकरकमी दे ना यार, जिम टाकतो," असं तो म्हणतो. एकरकमी मिळणार नाही. संघमित्राने त्याला दर रविवारी दोन हजार द्यावेत, चारशे आठवडे. मोबाईलवर पाठवू नयेत. त्याने स्वतः यावं, तिच्याकडे जेवावं, मग पैसे घ्यावेत. तिला सख्खा भाऊ नाही. ज्या रविवारी तो येणार नाही, त्या रविवारचे दोन हजार दादूचे. दादू त्याला आठवण करून देणार नाही, एवढं मी दादूला ओळखते.

४. माझ्या मागे रडारड नको. पुण्यानुमोदनाला जेवण चांगलं करा, आणि उसळ दादूनेच करावी. केटरर पाणी घालतात.

हे शेवटचं आत्ताच लिहितेय. साक्षीला सही करायला दादूने पेन उघडलं, तेव्हा वकील दीप्तीताई म्हणाल्या, "मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

"मग करतो ना सही. मला काय मिळणारे?"

मी कलम दोनवर बोट ठेवलं. दादूने पेनाला टोपण लावलं आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसला. अजून आत आलेला नाही. त्याच्या जागी शेजारच्या नंदाला बोलावलं आहे.

सही : शकुंतला राजाराम सोनकांबळे
आम्हा दोघांसमोर सही झाली :
१. श्यामकांत वैद्य
२. नंदा तांबे
वाकोला, सांताक्रूझ (पूर्व), मुंबई
दि. १८ नोव्हेंबर २०२४