गायूच्या वाढदिवसांचे व्हिडिओ

२१ जानेवारी २०२४, म्हसावद

सासरचा आज चौथा दिवस. घर मनात भरलं. पुढे ओटा, मागे पपईची बाग. भूपेंद्र कमी बोलतात, पण मऊ मनाचे आहेत. त्यांची पहिली बायको मयूरीताई तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेल्या. मुलगी गायत्री, सगळ्यांची गायू, अकरा फेब्रुवारीला सहाची होईल. पहिल्या सासरी मला मूल झालं नाही म्हणून सात वर्षांनी माहेरी पाठवलं होतं. आज गायू आपणहून माझ्या मांडीवर बसली, हलणारा दात दाखवायला. पायाला मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही.

२४ जानेवारी

नंदुरबारला मी टायपिंगच्या दुकानात कामाला होते, म्हणून घरचा कॉम्प्युटर आवरायला मिळाला. नुसता पसारा! सातबाराचे उतारे, रोगट पपईचे फोटो, लग्नाचे अल्बम, आणि ‘न्यू फोल्डर’ नावाचे तेवीस फोल्डर. सगळं वर्षवार लावलं. एका न्यू फोल्डरमध्ये सोळा व्हिडिओ निघाले, ‘वाढदिवस ३’पासून ‘वाढदिवस १८’पर्यंत. भूपेंद्रना विचारलं. मयूरीताईंनी शेवटच्या दोन महिन्यांत गायूसाठी बोलून ठेवलेत, दरवर्षी एक दाखवायचा होता. यांनी एकही दाखवलेला नाही. धीर होत नाही म्हणाले, आणि बागेत निघून गेले.

मी अठरावा लावला. डोक्याला स्कार्फ, गाल खोल गेलेले. “मन्हाइतकी उंच व्हयनी व्हशी ना, गायू? उभी ऱ्हाय बरं, देखू दे.” पुढे मला बघवलं नाही. पदराने डोळे पुसले आणि ‘गायू’ नावाचा फोल्डर करून सगळे त्यात ठेवले.

२९ जानेवारी

अठरावा व्हिडिओ सापडत नाही. रिसायकल बिनमध्येही नाही. माझ्याच हातून काही झालं असेल. जीव चुटपुटतोय.

१ फेब्रुवारी

सतरा, सोळा, पंधराही गेले. भूपेंद्रनी हात लावलेला नाही. सासूबाई दगूबाई म्हणाल्या की कॉम्प्युटरच्या खोलीत त्या पायही ठेवत नाहीत, गेलेल्या सुनेचा आवाज त्यांना सोसत नाही. उरलेले पेनड्राइव्हवर घेतले आणि तो माझ्या कपाटात ठेवला.

४ फेब्रुवारी

दहापर्यंतच उरलेत. पेनड्राइव्हवरही दहापर्यंतच. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते.

गायूला कालपासून ताप आहे.

६ फेब्रुवारी

तिला खिमट भरवताना सहज विचारलं, तू कॉम्प्युटरला हात लावतेस का. नाही म्हणाली, मम्मीच पुसते.

“मम्मी म्हने, बाकीनं मी तुले समोर बसाडीसन सांगसू.”

कधी, विचारलं.

“वाढदिवसले.”

वाढदिवस पाच दिवसांवर आलाय.

८ फेब्रुवारी

शहाद्याला दवाखान्यात नेलं. सगळे रिपोर्ट चांगले. ताप मात्र उतरत नाही. पोर कापसासारखी हलकी झालीय.

आता सहापर्यंतच.

भूपेंद्रना सांगितलं. हसले नाहीत. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यासमोर बसले आणि म्हणाले, “मयू, पोरले ऱ्हाऊ दे वं.” एवढा मोठा माणूस, हुंदके देत होता.

९ फेब्रुवारी, दुपार

ताई, तुम्ही आई आहात. कळतं मला. पण मला हे एकच—

कॅमेरा सुरू केला. ‘वाढदिवस ७’. जे सुचलं ते बोलले, तिच्या नव्या दातांबद्दल. सेव्ह केलं.

संध्याकाळी पाहिलं. फाइल जागेवर आहे. ताप एका डिग्रीने कमी.

१० फेब्रुवारी

आठ, नऊ, दहा, अकरा. प्रत्येक व्हिडिओनंतर ती थोडी सावरते. आज उठून बसली, खिचडी मागून खाल्ली.

माझा घसा बसलाय. बांगड्या मनगटातून आपोआप उतरतात—

नीट झालाय का पाहायला अकरावा लावला. माझ्यामागे भिंत दिसते. भिंतीवर मयूरीताईंचा हार घातलेला फोटो. व्हिडिओत त्याच्या शेजारी आणखी एक फोटो आहे. त्यालाही हार.

मागे वळून पाहिलं. खरोखरच्या भिंतीवर एकच.

दुसरा फोटो माझा.

थांबले तर गायू—

नाही. बारावा सुरू केला.

११ फेब्रुवारी

ताप नाही. अंगणात पळतेय. भूपेंद्र केक आणायला गेलेत, त्यांना काही सांगितलं नाही.

सकाळी तिला तिच्या मम्मीचा सहावा व्हिडिओ दाखवला. गायू हसली. शेवटी मयूरीताईंनी तिच्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

“दमनी का वो बहीन? ये मंग.”

आवाज प्रेमाचा होता. म्हणूनच—

तेरा. चौदा. पंधरा.

दुपार. सतरा झाला. बोटं कीबोर्डवर टेकत नाहीत नीट.

अठरावा तेवढा राहिला. गायू दारात आलीय. केक आलाय म्हणते, चल म्हणते. आई, चल. आई म्हणाली मला, पहिल्यांदाच. तिला हो म्हणायचंय, पण आवाज—