जुन्या चालीचा पक्ष

बाबा, अकोल्यात लोकांचा समज आहे की माझ्या वडिलांना विद्येची फार आवड होती, म्हणून त्यांनी मुलीला वाचायला शिकवलं. मी कोणाचं खोडून काढत नाही. तुम्हाला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं आणि आवड होती ती कापसाच्या भावाची. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि नांदगाव खंडेश्वरजवळच्या आपल्या काळ्या रानाच्या बांधावर अमरावतीचे दलाल येऊन उभे राहायला लागले. एका हंगामात अडत्यानं तुम्हाला सांगितलं की लढाई मिटली, आता भाव नाही, आणि तुम्ही मान खाली घालून तो म्हणेल त्या भावानं कापूस टाकून आलात. लढाई मिटलेली नव्हती. ते कळलं त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. घरात वाचणारं माणूस पाहिजे असं तुम्ही आईला म्हणालात. भाऊ पंतोजींसमोर बसेना, ओढ्याकडे पळून जायचा. मग तुम्ही मला हाताला धरून नेलंत. पंतोजी हसले, गाव हसलं. तुम्ही म्हणालात, "हसू दे लोकाईले. माहे डोये हायेत हे पोरगी."

तुमचे डोळे. किती वर्षं मी त्या एका शब्दावर जगले.

अडत्याकडे मुंबईचं वर्तमानपत्र यायचं. त्याचं वाचून झालं की शिळे अंक तुम्ही मागून आणायचे. आई चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत असायची, तुम्ही भिंतीला टेकून बसायचे आणि मी चुलीच्या उजेडात कागद धरून मोठ्यानं वाचायची. आधी भाव. मग लढाई. मग जे असेल ते, कारण कागद संपेपर्यंत तुम्ही मला उठू देत नव्हता. त्यातच एकदा विलायतेचं आलं. तिथे राज्य कोणी चालवायचं ते लोक मत देऊन ठरवतात, आणि मत मागणारे दोन पक्ष आहेत, एक सुधारणेचा आणि एक जुन्या चालीचा. तुम्ही मला थांबवलंत.

"जुन्या चालीचा म्हंजे कसा वं?"

"जे चालून राह्यलं ते तसंच चालू द्या, असं म्हनते तो."

"कोनासाठी तसंच?" तुम्ही विचारलंत, आणि आई भाकर उलटवता उलटवता हसली.

उत्तर मी कागदात शोधलं. कागदात ते नव्हतं. पण त्या दिवसापासून कापसाच्या भावाच्या खालोखाल तुम्हाला त्या दोन पक्षांचं वेड लागलं. पुढे माझं लग्न झालं. सासर जवळच होतं. माहेरी आले की साठवून ठेवलेले अंक तुम्ही माझ्यापुढे टाकायचे, आई म्हणायची, पोरीला पाणी तरी पिऊ द्या. अशाच एका खेपेला मी वाचलं की विलायतेत आता गिरण्यांतल्या पुष्कळ मजुरांनाही मत मिळालं आहे. आपल्या इथून गाठी जातात त्या कातणारे, विणणारे लोक. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "गरिबाले मत भेटलं का जुन्यावाल्याईचं सरलं समज. कोन मूर्ख आपल्याच पाठीवर बसनाऱ्याले मत देईन?" आणि खरंच, पुढची मोठी निवडणूक जुन्या चालीचा पक्ष हरला. तुम्ही त्या दिवशी आल्यागेल्याच्या हातावर गूळ ठेवलात. कशाचा गूळ ते कोणाला सांगता येईना. तुमची मुलगी तुमच्या शेजारी बसून हसत होती, आणि जगात आपला बाप सगळ्यात पुढे चालतो असं तिला वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली आणि माझा नवरा गेला. सकाळी तो बैल सोडून रानात गेला होता. संध्याकाळी मी विधवा होते. तुम्ही गाडी जुंपून मला घेऊन आलात. वाटेत ऊन लागतं म्हणून तुमचं उपरणं माझ्या डोक्यावर टाकलंत. वर्ष उलटल्यावर बाळापूरहून निरोप आला. माणूस आपल्याच जातीचा होता, बायको बाळंतपणात गेलेली, किल्ल्याखाली नदीकाठी त्याचं रान होतं. आपल्यात विधवेचा पाट लावतात, साध्या रीतीनं दुसरं लग्न लावून देतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तुमची आई, माझी आजी, पाटाचीच होती. पहिला नवरा गेल्यावर ती आजोबांच्या घरी आली आणि मग तुमचा जन्म झाला. त्यात लपवण्यासारखं कोणाला कधी वाटलं नाही. बाळापूरचा माणूस स्वतः येऊन गेला. जाताना तो गोठ्यापाशी थांबून मला म्हणाला, "तुमी वाचता म्हनतात. माह्या घरी वाचाले कोनी नाई. याल तं बरं होईन." तुम्ही त्याला होकार दिलात. पेरण्या उरकल्या की करू, असं ठरलं.

पण तेवढ्यात जातीची बैठक बोलावली गेली. कापसानं आपल्यातली चार घरं फार मोठी केली होती. त्यांच्याकडे घोडे आले, पागोट्यांना जरीचे काठ आले, आणि आता त्यांना देशमुखांच्या पंगतीत बसायचं होतं. देशमुख म्हणायचे, तुमच्यात पाट लागतात, तुमच्याशी सोयरीक कशी करायची? म्हणून पाट बंद करायचे. त्या चार घरांनी स्वतःला जुन्या चालीचे म्हणवून घेतलं. त्यांचे पुढारी पाटील बैठकीत उभे राहून म्हणाले, "पूर्वी आपल्यात पाट नवताच. मधल्या गरिबीत हे शिरलं. आपुन फक्त जुनं होतं तिथं परत चाललो." मी बायकांबरोबर अमराईच्या कडेला स्वयंपाकाला होते. आईनं हातातली पळी खाली ठेवली. ती मला हळूच म्हणाली, "जुनं म्हनते! माह्या सासूचा पाट याच्याच आज्यानं लावला."

दोन पराती मांडल्या होत्या. पाट चालू राहावा असं वाटेल त्या घरानं एकीत सुपारी टाकायची, बंद व्हावा असं वाटेल त्यानं दुसरीत. मला भीती वाटली नाही. आपल्यातली बहुतेक घरं साधी, ज्यांच्यात एक ना एक पोरगी पाटाची होती. आणि तुम्ही होतात. मला वाटलं, तुम्ही बोलायला उठाल. तुम्ही बोलायला लागलात की लोक ऐकायचे, तुम्हाला विलायतेच्या गोष्टी माहीत होत्या. मी पाण्याची घागर घेऊन जवळ गेले, नीट ऐकू यावं म्हणून.

तुम्ही उठलात तेव्हा पाटलांच्या मागोमाग उठलात. सगळ्यांच्या शेवटी, नाइलाजानं, कोणी ढकलल्यासारखे गेला असतात तरी मी ते गिळलं असतं. सुपारी टाकणाऱ्यांत तुम्ही दुसरे होतात. धोतराच्या सोग्यानं सुपारी पुसलीत आणि पाट बंद करायच्या परातीत ठेवलीत. टाकली नाहीत, नीट वाकून ठेवलीत, देवापुढे ठेवतात तशी. त्यानंतर ज्यांच्या मनात दुसरं होतं तेही तुमच्याकडे बघून तिकडेच गेले. ज्याच्या घरात विधवा मुलगी बसली आहे तोच असं म्हणतो, तर आपण कोण? पलीकडची परात जवळजवळ रिकामी राहिली.

परतताना गाडीत भाऊ बैल हाकत होता. आई तोंडावर पदर घेऊन बसली होती. मी विचारलं, "काहून, बाबा?"

"तुह्या भावाचं देशमुखाच्या घरी जमून राह्यलं," तुम्ही म्हणालात. "पाट चालू ठेवला असता तं ते घर दार लावून घेते."

"आन माह्यं?"

"तुले काय कमी हाये घरात? खाय, राय. कोनी एक शबद बोलनार नाई तुले."

"तुमी तं म्हनत होते, गरिबाले मत भेटलं का जुन्यावाल्याईचं सरलं."

तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, "ते इलायतेचं, पोरी. घरचं येगळं रायते."

बाबा, मला तुमचं सुपारी ठेवणं एक वेळ समजतं. मुलाचं लग्न, घराचा मान, पाटलांची भीती, हे मी पुढे किती घरांत पाहिलं. पण ते वाक्य मला आजही समजून घेता येत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला जे वाचून दाखवलं ती गंमत होती? दूरच्या माणसांच्या सुखासाठी गूळ वाटायचा आणि जवळच्या माणसाची पाळी आली की परात बदलायची? मी तुमचे डोळे होते, आणि तुम्ही त्या डोळ्यांनी सगळं पाहिलंत, एक मी सोडून.

बाळापूरच्या माणसाला नकाराचा निरोप गेला. भावाचं लग्न थाटात झालं, आणि मी कोठीच्या खोलीत बसून राहिले, कारण आता मी तशा घरातली विधवा होते जिथे विधवेनं मांडवात यायचं नसतं. ही चालसुद्धा आपल्यात नवीच होती. तीही जुनी म्हणूनच आली.

वाचून दाखवणं मी सोडलं नव्हतं. दुसरं करायला काही नव्हतं. लढाई केव्हाच मिटली होती, भाव उतरले होते, घोडे विकले गेले होते, पण तुमचे अंक येतच होते. आणि काही वर्षांनी एका दुपारी मी वाचलं, की विलायतेत पुन्हा मोठी निवडणूक झाली आणि जुन्या चालीचा पक्ष जिंकला. नुसता जिंकला नाही, चांगला भरभक्कम जिंकला, आणि नव्यानं मत मिळालेल्या मजुरांनीही त्याला मतं दिली. तुम्ही सुपारी कातरत होता. तुमचा हात थांबला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"असं कसं होईन? मजुराईनं काहून मत देलं त्याईले?" तुम्ही खरोखर चकित झाला होता. एखाद्या लहान मुलाला कोडं पडावं तसा तुमचा चेहरा झाला होता. "आता कवाच जिकू नये असा तो पक्ष. कोनं मतं देली त्याले?"

"तुमच्यासारख्याईनं," मी म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच आत गेली. तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात. मला वाटलं, आता रागवाल, आणि मला ते हवं होतं. तुम्ही रागावला असता तर मला पुढचंही बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की जुना पक्ष जुन्या लोकांच्या बळावर जिंकत नाही, ते थोडेच असतात. तो जिंकतो तो सुधारणेच्या गोष्टी ऐकून गूळ वाटणाऱ्यांच्या बळावर, जे घरचं वेगळं राहतं म्हणतात. पण तुम्ही उठलात, चपला घातल्यात आणि रानात गेलात. पुढे कधी तुम्ही अंक आणला नाहीत. दोन पावसाळ्यांनंतर तापानं गेलात. आजारात मी तुमच्या उशाशी होते. तुम्ही पाणी मागितलंत, बैलांची चौकशी केलीत, भावाला हाक मारलीत. माझ्याशी बोललात ते एवढंच, "दार लाव, वारा येते." मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

तुमचं तेरावं झाल्यावर मी अकोल्याला आले. मुलींच्या नव्या शाळेला शिकवणारी बाई मिळत नव्हती. भावानं अडवलं नाही. घरात एक ताट कमी झालं याचं त्याला वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हापासून मी इथेच आहे. बाळापूरचा तो माणूस एकदा इथल्या बाजारात दिसला, बरोबर बायको आणि दोन मुलगे होते. त्यानं मला ओळखून हात जोडले. मीही जोडले.

गेल्या आठवड्यात भाऊ आला. न कळवता आला आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभा राहिला. त्याची धाकटी मुलगी, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, ती विधवा झाली. सोळावं सरलेलं नाही. नेर परसोपंतचा एक मुलगा तिच्याशी पाट लावायला तयार आहे, पण जातीतली मोठी घरं काय म्हणतील या धास्तीनं भावाची झोप गेली आहे. माझ्या खोलीत तो चहाची कपबशी हातात घेऊन कितीतरी वेळ बसला. केस पिकलेत त्याचे, बसण्याची ढब तुमचीच आली आहे. मला वाटलं होतं, असा एखादा दिवस आला की त्याला काय काय सुनवीन. मी त्याच्या बशीत आणखी चहा ओतला. तो म्हणाला, "आक्का, बाबा असते तं काय म्हनले असते?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी गाडी हाकत होता, तरी त्यानं ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं होतं आणि आता आठवायचं नव्हतं. मी त्याच्याकडे बघून सांगितलं, "बाबा मरायच्या आंधी माह्यापाशी बोलले होते. म्हनले, चुकलं माह्यं. आपल्यात पाट हेच जुनं हाये, माही माय पाटाची होती. पुन्हा कोन्या पोरीवर पाळी आली तं थांबू नका."

तो रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "बाबाचा शबद हाये तं मंग कोनाच्या बापाले भ्यायचं?" आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. काल त्याचा निरोप आला, सोमवारी पाट लागला.

बाबा, तुम्ही तसं काही बोलला नव्हता. हे मी भावाला कधी सांगणार नाही, आणि हा कागदही कोणाच्या हाती लागायच्या आत चुलीत घालीन. पण तुमच्या तोंडी ते शब्द घालताना मला अडखळायला झालं नाही. तुमचा आवाज लगेच आला, अगदी हुबेहूब, आणि भाऊ गेल्यावर थोडा वेळ मला स्वतःलाच ते खरं वाटलं.