अनुया बहिरी नाही

दिनांक : २६ मे १९९७

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शिक्षणाधिकारी कार्यालय,
अलिबाग, जिल्हा रायगड.

अर्जदार : कमलाकर रघुनाथ केळुसकर, वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षक, टपाल नाक्यामागे, पनवेल.

विषय : कु. अनुया परेश मोकल, वय साडेसात, हिचे नाव शाळेच्या पटावरून कमी करून तिला मूकबधिरांच्या निवासी शाळेत पाठवण्याच्या प्रस्तावावर, तिची श्रवणतपासणी नव्याने होईपर्यंत सही न करण्याबाबत.

संदर्भ : तिच्या शाळेचे आपल्या कार्यालयास गेलेले पत्र, दि. १७ मे १९९७. (पालकांना दिलेल्या प्रतीवर जावक क्रमांकाची जागा कोरी आहे. का, ते कळले नाही.)

महोदय,

१. मी चौतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. अनुया माझ्या वरच्या मजल्यावर राहते. वडील परेश जासईच्या कंटेनर यार्डात कामाला आहेत, आई निशा घरी असते. गेल्या जूनपासून अनुया रोज सकाळी दीड तास माझ्याकडे शिकायला येते. मी तिचा नातेवाईक नाही. ‘हे म्हातारे मध्ये कोण’ असा शेरा फाइलवर पडू नये म्हणून पालकांचे संमतिपत्र जोडले आहे.

२. अनुयाला ऑटिझम आहे. मुंबईच्या एका रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मागच्या वर्षी तिला तीनदा बोलावले, दर वेळी तासभर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि मग हे सांगितले. तिला ऐकू येते. काही आवाज तर तिला सोसवत नाहीत इतके मोठे वाटतात, असेही त्या म्हणाल्या. घरी करायचे उपचार त्यांनी लिहून दिले. बोलायला बसण्याआधी झोका, हातापायांवर मऊ ब्रश फिरवणे, तांदळाच्या परातीत हात घालून लपवलेली वस्तू शोधणे, आणि आपण एक शब्द बोललो की मनात दहा आकडे मोजून गप्प राहणे. हा शेवटचा उपचार तिच्यापेक्षा मला जड गेला. उत्तरासाठी दहा आकडे मी आयुष्यात कोणत्याही मुलाला दिले नव्हते.

अकरा महिन्यांत अनुया सात शब्द बोलू लागली : पाणी, झोका, नको, पुरे, आई, चिऊ आणि आजा. शेवटचा शब्द माझ्यासाठी आहे. प्रत्येक शब्द कोणत्या तारखेला, कशावरून आला, याची नोंद माझ्या वहीत आहे.

३. दि. ११ मे रोजी पनवेलमधील एका मंगल कार्यालयात ‘कर्णज्योत सेवा मंडळ’ या संस्थेने श्रवणतपासणी शिबिर भरवले. मागे पडणाऱ्या सर्व मुलांनी हजर राहावे, अशी चिठ्ठी शाळेने पाठवली होती, म्हणून आम्ही गेलो. तेथे चहा चांगला होता आणि रांग भराभर सरकत होती. मला दोन्हींची शंका आली. नऊ ते साडेअकरा एवढ्या वेळात त्रेचाळीस मुले तपासून झाली. एवढ्या मुलांची नुसती हजेरी घ्यायला आणि नाके पुसायला मला तेवढा वेळ लागत असे.

मी आत जाऊ लागलो तेव्हा दारावरचा स्वयंसेवक म्हणाला, “आजोबा, तुम्ही बाहेर बसा. मशीनला गर्दी चालत नाही.” अनुयाच्या कानांवर हेडफोन चढवून, आवाज आला की बोट वर कर, असे तिला सांगितले गेले. अनुया सांगितले म्हणून बोट वर करत नाही. मुठीत खडीसाखर दाखवली तरी करत नाही. चार मिनिटांत ती बाहेर आली आणि ‘दोन्ही कान तीव्र बधिर’ असा अहवाल हातात पडला. परेशने तेथेच एका फॉर्मवर सही केली. विचारले तर म्हणतो, “मास्तर, आमी काय वाचलं नाय. सही नाय तर कानाचं यंत्र नाय, असं बोलले.” तो फॉर्म निवासी शाळेच्या संमतीचा होता, हे आठ दिवसांनी कळले.

४. आता जे लिहितो ते माझ्याविरुद्ध जाणारे आहे. तरी लपवले तर बाकीचा अर्जही खोटा ठरेल. शिबिराच्या आदल्या दिवशी मीच निशाला म्हणालो होतो, “उद्या कान तपासणार आहेत, तेव्हा सकाळी कोमट खोबरेल घाल. मळ मऊ होईल, डॉक्टरांना आतले नीट दिसेल.” आमच्या घरी असेच करीत. निशाने तेल घातले आणि नवा फ्रॉक खराब होऊ नये म्हणून वर कापसाचे बोळे बसवले. ते काढायचे राहिले. संध्याकाळी न्हाऊ घालताना दोन्ही कानांतून एकेक बोळा निघाला.

चूक माझी आहे. परंतु अहवालात छापील अक्षरांखाली पेनने असे लिहिले आहे : ‘दोन्ही कानांची आतून पाहणी केली. मार्ग स्वच्छ.’ साहेब, पाहणी कोणाच्या कानांची केली? बोळे मी औषधाच्या बाटलीत ठेवले आहेत. तेलाने सरकारी कागद खराब होतील म्हणून जोडलेले नाहीत.

५. यानंतर मी आपट्याच्या वेणूचा आणि कामोठ्याच्या अवधूतचा अहवाल त्यांच्या पालकांकडून मागून आणला. ही दोन्ही मुले त्याच शिबिरात होती. तिन्ही आलेख एकसारखे आहेत. तसा योग येऊ शकतो, असे मी स्वतःला पुष्कळ बजावले. पण तिन्ही कागदांवर डाव्या कानापुढे आधी ५६ लिहून, ते खोडून ६५ केले आहे. चौतीस वर्षे पेपर तपासलेल्या माणसाला याचा अर्थ विचारावा लागत नाही. दोन मुलांचे उत्तर सारखे येते. खाडाखोड सारखी आली की मी बाक बदलत असे.

६. असे कोणी का करील, हा प्रश्न आपणास पडेल. मलाही पडला. सदर मंडळाचे घाटावर एक निवासी मूकबधिर विद्यालय आहे आणि त्याला मान्यतेसाठी जूनअखेर पट दाखवायचा आहे, असे त्यांच्याच पत्रकात वाचले. तपासणीच्या दिवशी शेजारच्या वाडीतली पोरे आणून वर्गात बसवणे मी नोकरीत पाहिले आहे. एकदा बसवलीही आहेत. त्या वेळी पोरे संध्याकाळी आपापल्या घरी परत गेली होती. हा माझा संशय आहे, पुरावा नाही. तसेच, ज्या शाळेची निकालपत्रके जूनपर्यंत हाती येत नाहीत, तिने ऐन सुट्टीत सहा दिवसांत हा प्रस्ताव आपल्याकडे कसा पाठवला, याचेही मला नवल वाटते. मुख्याध्यापक निशाला एवढेच म्हणाले, “बाई, तिच्याच भल्याचं आहे. इथे आम्हाला पन्नास मुलं सांभाळायची असतात.” मी पंचावन्न सांभाळली आहेत, म्हणून त्यांना दोष देत नाही. त्यांनी अनुयाला ओझे म्हणावे. बहिरी म्हणू नये.

७. साक्षीदार म्हणून गुणाबाई यांचे नाव देतो. त्या आमच्या गल्लीत मासळी विकतात. अहवाल ऐकून त्या म्हणाल्या, “कोन बोलतो बहिरी? मी वळनावर ‘म्हावरं’ बोलले का ती वरची खिडकी लावून घेते. टोपली दिसायच्या आधी! बहिऱ्या मानसानं माझा एवढा अपमान कधी केला नाय.” त्या अलिबागला येऊन हे सांगायला तयार आहेत. फक्त बुधवार आणि शुक्रवार नको म्हणाल्या, त्या दिवशी मासळी जास्त खपते.

८. माझी खरी तक्रार पुढे आहे. शिबिरात मिळालेले श्रवणयंत्र चार दिवस अनुयाच्या कानांत होते. यंत्राची खिशात ठेवायची पेटी पूर्ण आवाजावर ठेवा, अशी सूचना होती. जिला मिक्सरचा आवाज सोसत नाही, तिच्या कानात आम्ही तो मिक्सर वाढवून घातला. पहिल्या दिवशी तिने स्वतःचे मनगट चावले. दुसऱ्या दिवशी ती पलंगाखाली गेली. चौथ्या दिवशी निशाने यंत्र काढून कपाटात ठेवले, तोवर व्हायचे ते झाले होते. आता ती झोक्यावर बसत नाही आणि परातीत हात घालत नाही. सात शब्दांपैकी आज एकच उरला आहे : नको. १६ मेपासून माझ्या वहीत दुसरा शब्द नाही.

घरच्यांसोबत राहून, रोजच्या परातीजवळ बसून, ते सहा शब्द परत येतील असे मुंबईच्या बाई म्हणतात. तिथे निवासी शाळेत, अनोळखी वीस मुलींच्या खोलीत, ते यंत्र पुन्हा कानात घालून येतील का, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही.

९. तरी विनंती अशी की, १३ जूनला शाळा सुरू होण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात अनुयाची तपासणी नव्याने व्हावी. आधी कानात डोकवावे. आई जवळ असावी. अर्धा तास तिला खोलीची ओळख होऊ द्यावी आणि प्रत्येक आवाजानंतर थोडे थांबावे. मी बाहेर बसेन. त्या तपासणीत ती बहिरी ठरली, तर तिची ट्रंक मी स्वतः घाटावर पोचवीन आणि मंडळाची लेखी माफी मागेन. तोपर्यंत परेशची सही रद्द समजावी; त्याचे तसे पत्र जोडले आहे.

१०. १० जूनपर्यंत उत्तर न मिळाल्यास १२ जून रोजी सकाळी अकरा वाजता मी अनुया व तिच्या आईसह आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात हजर राहीन. उपोषण वगैरे करणार नाही. माझ्या वयाला आणि तिच्या जेवणाच्या वेळांना ते जमणारे नाही. आपण दार उघडून तिला पाच मिनिटे पाहावे, एवढेच. त्या वेळी शिपायाला बोलावण्यासाठी टेबलावरची घंटी मात्र कृपया वाजवू नये. ती घंटी आम्हा कोणापेक्षाही आधी अनुयाला ऐकू जाईल, आणि मग तिला परत पनवेलला आणणे आम्हाला अवघड होईल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
क. र. केळुसकर

सोबत :
१) पालकांचे संमतिपत्र व परेश मोकल यांचे सही रद्द करण्याबाबतचे पत्र.
२) मुंबईच्या वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंची चिठ्ठी, झेरॉक्स.
३) कु. अनुया, कु. वेणू व कु. अवधूत यांचे अहवाल, झेरॉक्स. खाडाखोडीभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल केले आहेत.
४) शब्दांच्या नोंदीची हाताने केलेली नक्कल, जून १९९६ ते मे १९९७. मूळ वही कार्यालयात आणून दाखवीन, परंतु जमा करणार नाही. पुढची पाने अजून लिहायची आहेत.