नसलेल्या खोलीची पाटी

शाहूपुरी, कोल्हापूर
बुधवार, ता. १२ फेब्रुवारी २०२५

सोमशेखर,

आक्काला तीन महिन्यांत एक फ्लॅट निवडता येईना, असं तू विठाबाईच्या तोंडानं मला ऐकवलंस. शेजारीण कोल्हापूरला निघाली की तिच्याजवळ टोमणा बांधून द्यायचा, ही कुठली रीत? अरे, मी पाव किलो वांगी घेताना चार ठिकाणी दाबून बघते. हे तर अव्वाच्या जागेचे पैसे हायेत. अव्वा गेल्यावर गडहिंग्लजच्या बाजारातली जागा विकली, आईची म्हणून अर्धं तुझं, अर्धं माझं. दोघांच्या नावानं कोल्हापुरात फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यानं द्यायचा, हे ठरलं तेव्हा तूच म्हणालास की, "आक्का, तू तिथली, तू निवड. पंधरा दिवसांत भाडेकरू आला पायजे, कुलूप लागून राहता कामा नये." मग निवडू दे की.

फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, अर्ध्यात कट करतोस. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, सांभाळून वाच. आशीर्वाद राहिला, तो घे. गिरिजाचा गुडघा कसा हाय? एरंडाचं पान शेकून बांध म्हणावं, नुसत्या गोळ्या गिळून काय होत न्हाय. तुझ्या पंपाच्या दुकानात आता उन्हाळ्याची गिऱ्हाइकं सुरू झाली असतील. इथं सगळं बरं हाय. माझे जेवणाचे डबे आता एक्केचाळीस झालेत.

आता तुझ्या एजंटाचं. उजळाईवाडीला घ्या म्हणतो, विमानतळ हाय, भाव वाढणार. वाढंल तेव्हा वाढंल. विमानातनं उतरलेला माणूस खोली शोधत फिरत न्हाय, तो घरी जातो न्हाय तर हॉटेलात. तरी तुझं मन राखायला मी दुपारचं ऊन खात जाऊन आले. बिल्डिंग झकास हाय, लिफ्टमध्ये आरसा हाय. पण चार मजले आणि कापडं वाळत घातलेली फक्त दोन गॅलऱ्यांत. वॉचमनला विचारलं, "पावणं, बाकीची माणसं कुठं गेली?" म्हणाला, "मावशी, मालक पुण्याला असत्यात. गुंतवणूक हाय ही." गुंतवणूक म्हणजे कुलूप. कुलूप भाडं देत न्हाय.

भाडेकरू कुठं येतो, हे मला एजंटानं शिकवायला नको. अकरा वर्षं डबे देते. नवा माणूस गावात आला की पहिल्या दिवशी खोली शोधतो आणि दुसऱ्या दिवशी डबा. डबा बंद झाला की एक तर त्याची बदली झाली, न्हाय तर लग्न. आणि आठ दिवसांत त्याच पत्त्यावर दुसऱ्याचा डबा सुरू झाला, की तो भाग चांगला समजायचा. रफिक रिक्षावाला माझे डबे पोचवतो, तू बघितलाईस त्याला. त्याला गावातले जिने तोंडपाठ. कुठल्या दारात नव्या चपला आल्या तेसुद्धा सांगतो.

एवढ्यावर तुझं समाधान होणार न्हाय हे माहीत होतं, म्हणून परीक्षा घेतली. पेंटरकडनं तीन पाट्या रंगवून घेतल्या, "दोन खोल्या किचन भाड्याने देणे आहे." खाली माझा डब्याचा नंबर. एक उजळाईवाडीत, एक कसबा बावड्यात, एक कळंब्यात. रफिकनं ओळखीच्या दुकानदारांना सांगून टांगल्या. खोली कुठंच नव्हती. रफिक म्हणाला, "आक्का, ह्याला फसवणूक म्हणत्यात." म्हटलं, "पैसे घेतले तर फसवणूक. मी नुसती मोजतीय." फोन आला की नाव, काम, माणसं किती, ते वहीत लिहायचं आणि सांगायचं, जागा पुढल्या महिन्यात मोकळी होतीय, कळवते. ते काय खोटं न्हाय. फ्लॅट घेतल्यावर कळवणारच होते.

आठ दिवसांत उजळाईवाडीवरनं चार फोन. त्यातला एक एजंटाचा, "मॅडम, जागा विकणार का?" बावड्यावरनं तेवीस, पण सगळी कॉलेजची पोरं. मे महिन्यात भिंतीला खिळे मारून निघून जाणार, मग जूनपर्यंत आपण खिळे काढत बसायचं. कळंब्यावरनं सदतीस. आयटीआयचे मास्तर, बँकेतली बाई, जेलमधला शिपाई, गोकुळ शिरगावला कारखान्यात जाणारी जोडपी. संसाराची माणसं. एक बाई तर म्हणाली, "काकू, किल्ली आत्ता द्या, भांडी रिक्षातच हायेत."

तू म्हणणार, कळंब्याच्या जेलाशेजारी कोण राहतंय. अरे, जेलातनं सुटलेला माणूस लांब पळंल, तुझ्या फ्लॅटात कशाला येईल? आणि शिपायांना घरं लागत्यातच की. तळं जवळ हाय, केएमटीची बस दारात थांबते.

तर कळंब्यात एक तयार फ्लॅट बघितलाय. तळमजला. दोन खोल्या, किचन, मागं कापडं वाळत घालायला ऐसपैस जागा. पाण्याचं मी बिल्डरला विचारलं न्हाय, शेजारच्या बाईला विचारलं. एक दिवसाआड येतं, टाकी मोठी हाय. बिल्डर हंबीरराव म्हणून हायेत, बोलायला सरळ वाटले. सोमवारपर्यंत थांबतो म्हणालेत. सोमवारी दहाला दोघांच्या सह्या झाल्या की आठवड्यात किल्ली. तू ये आणि सही कर.

एवढं लिहून पेन ठेवलं होतं. खाली नाव घालून पाकीट चिकटवणार होते. तू सही केली असतीस, भाडेकरू मी ठेवला असता, तुझं अर्धं भाडं तुला वेळेवर आलं असतं. कोण राहतंय ते तू विचारलंही नसतंस. पण अव्वाच्या पैशात मला चोरून काय करायचं न्हाय. म्हणून पुढचं वाच. फाडायचं असलं तर वाचून फाड.

कळंब्याच्या पाटीवरनं अडतिसावा फोन आला होता. तो मी वहीत लिहिला न्हाय.

सकाळची वेळ. मी डबे भरत होते, रफिक झाकणं लावत होता. हात आमटीत म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. पोरगा नीट बोलला. "काकू, पाटी बघितली. आम्ही दोघंच हाय. मिसेसला सातवा महिना चालू हाय, तळमजला असला तर लई बरं."

"काम काय करतोस?"

"फौंड्रीत सुपरवायझर."

"नाव?"

"फरहान शिकलगार."

आणि मी म्हणाले, "आमच्यात जमत न्हाय."

सोमू, तम्मा माझ्या, मी विचार करून म्हणाले न्हाय. तव्यावरची भाकरी हात आपसूक उलटतो, तसं तोंडातनं आलं. बाकीच्या सदतीस जणांना पुढल्या महिन्यात कळवते म्हणाले, ह्याला एकट्याला न्हाय. तो म्हणाला, "काकू, एकदा भेटून बघा तरी." मी परत न्हाय म्हणाले. तेवढ्यात मागनं बाईचा आवाज आला, "साकु, बिडु. आधी नाव सांगू नको म्हटलं होतं की." आणि फोन बंद.

साकु, बिडु. पुरे, सोड आता. अव्वा म्हणायची अगदी तसंच, शेवटी जरा ओढून. अव्वाच्या मांडीवर बसून ते कोण शिकलं, हे तुला सांगायला नको.

विद्याश्री. तुझी पोरगी. फोनवर नाव घेतलं की तू कट करतोस, कागद कट होत न्हाय.

रफिकनं मान वर केली न्हाय. झाकण दाबत म्हणाला, "आक्का, खोली तर न्हाईच हाय की. नसलेली बी द्यायची न्हाय व्हय?" अकरा वर्षं माझ्या घराची दुसरी किल्ली ह्या माणसाकडं हाय. त्याच्या समोर मी ते बोलले. रोज जाताना "येतो आक्का" म्हणतो. त्या दिवशी डबे उचलले आणि गेला.

तुझे दाजी वारले तेव्हा खोली शोधताना मला सात जणांनी दारातनं परत पाठवलं होतं. एकटी बाई, कोण येणार, कोण जाणार, आमच्यात जमत न्हाय. त्या सातही जणांची नावं मी अजून पाठ म्हणते, तू कितीदा ऐकलाईस. आता आठवं माझं.

दुसऱ्या दिवशी त्याच नंबरला फोन लावला. पोरीनंच उचलला. मी काय बोलायच्या आधी म्हणाली, "आत्या, आवाज मी कालच ओळखला." ओळखून गप्प बसली होती. आणि खोली नाकारणारी बाई आपली आत्या हाय, हे नवऱ्याला सांगितलंच न्हाय. मी त्याच्या नजरेतनं उतरू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी तिनं ह्याच्याशी लग्न केलं, तेव्हा ह्याच पोरीचे फोन मी उचलले न्हाईत, तुझं मन राखायला. मग तिनं करायचं सोडलं. पाटीवरचा डब्याचा नंबर माझा हाय हे तिला माहीत नव्हतं, म्हणून हा फोन लागला.

तू गडहिंग्लजात सांगतोस, पोरगी बेंगळूरला नोकरीला हाय. कुणाला खरं वाटत न्हाय, तुझ्या तोंडावर सगळे मान हलवत्यात एवढंच. ती उचगावात हाय, आठ महिने झाले. माझ्यापासनं रिक्षानं पंधरा मिनिटं.

मी डबा घेऊन गेलते. तिसरा मजला, लिफ्ट न्हाय, एक खोली. पाण्याची कळशी घेऊन चढताना बघितली तिला. मालकाला जागा त्याच्या पोरासाठी पायजे, महिनाअखेर सोडा म्हणालाय. सहा ठिकाणी तिनं आपल्या नावानं बोलणी केली, सगळीकडं होकार. करार करायला नवऱ्याचं आधारकार्ड काढलं, की सहाही मालकांच्या घरी अचानक पावणे राहायला येणार होते.

शेंगापोळी आणि कारळाची चटणी नेली होती. चार पोळ्या खाल्ल्या, पाचवी त्याच्यासाठी झाकून ठेवली. पोरगा आला, पाया पडला. मी सरळ सांगितलं, परवाची काकू मीच. तो म्हणाला, "असू दे आत्या, सवय हाय." मला तोंड लपवायला जागा न्हाय. तू मला ओळखतोस, मी कुणापुढं खाली बघत न्हाय.

निघताना तिनं एकच विचारलं, "अप्पा अजून दुकान स्वतः उघडतात?" मी व्हय म्हणाले. कळंब्याच्या फ्लॅटचं मी बोलले तर म्हणते, "अप्पांना ठाऊक असल्याशिवाय पाय ठेवणार न्हाय. आणि भाडं बाजाराप्रमाणं. कमी केलंस तर येणार न्हाय." तुझीच हाय. शंका नको.

सोमू, मी तुला जावयाला ओवाळ म्हणत न्हाय, तिच्या घरी जेवायला जा म्हणत न्हाय. पंधरा दिवसांत भाडेकरू पायजे होता, तो मिळाला. फ्लॅट घेतला की पहिला करार ह्या दोघांचा. दोघांच्या नावानं, पोलिसांकडच्या कागदावरही दोघांची नावं. सही तुझी आणि माझी. तुला चालत नसलं तर माझा अर्धा वाटा वेगळा कर. त्यात फ्लॅट येणार न्हाय, पण माझ्या नावावर कुठंतरी तळमजल्याची खोली मिळंल, आणि तिला मी उचलून नेईन. मग अव्वाच्या जागेचे दोन तुकडे कुणी केले, ते तूच लोकांना सांग. बेंगळूरचं सांगतोस तसं.

कळंब्याची पाटी उतरवून आणलीय. इथं दाराआड उभी हाय. काल रफिक आला, तिच्याकडं बघून म्हणाला, "आक्का, पुसून घेतली तर दोन नावं बसतील की हिच्यावर." जाताना "येतो" म्हणाला. मी अजून पेंटरकडं दिली न्हाय.

पत्र विठाबाईच्या हातून उद्या सकाळच्या एसटीनं धाडतीय. टोमणे आणते तर हेही नेऊ दे. गिरिजाला वाचून दाखव, पोरीची आई हाय ती, तिच्यापासनं लपवलंस तर मी तिला वेगळं लिहीन.

रविवारी संध्याकाळी सहाच्या आत फोन कर. तेव्हा माझे डबे धुऊन झालेले असत्यात. व्हय म्हण न्हाय तर न्हाय म्हण, पण विद्याश्रीचं नाव घेऊन म्हण. नाव न घेता बोललास तर मी ते उत्तर धरणार न्हाय.

तुझी आक्का,
आणि तिची आत्या