आजच ताबा

आप्पा, दौंडचं आपलं घर मी विकलं. तुम्ही गेल्यानंतर चार वर्षांनी. सही आईची घेतली, वारस म्हणून ती लागतेच. पण तिला विचारलं नाही. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या महिन्यात तीही गेली, म्हणून आज लिहायला बसले.

हा घरं-जमिनी विकायचा धंदा तुम्हीच शिकवलात. एजंटाच्या स्कूटरवर मागे त्याची पोरगी, मांडीवर उताऱ्यांची फाईल. शिरूरपासून दौंडपर्यंत लोक हसायचे. तुमची एक खोडच होती. कागद पाहून झाले, भाव जुळला, मालक खुशीत आले की पाणी मागायच्या निमित्ताने तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात जायचात आणि तिथल्या बाईला विचारायचात, "वहिनी, तुमाला जायचंय का हितनं?" मला मेलीला लाज वाटायची. केडगावला स्टेशनजवळच्या घराचा विसार मी परस्पर घेऊन टाकला, तेव्हा भर अंगणात तुम्ही मला झापलंत. "मालकाला काय इचारतीस? त्यो दिसभर भाईर. घरात ऱ्हाती ती!" मग आत गेलात. ती बाई कितीतरी वेळ एकच पातेलं घासत राहते. शेवटी खाली बघत म्हणते, "लेकीचं बाळंतपण तेवढं हितं हुंद्या, आप्पा. मग जाते." एवढंच मागणं. घेणाऱ्याची समजूत घालून तुम्ही ताबा तीन महिने पुढे ढकललात, आणि व्यवहार काही मोडला नाही.

आपल्या घराला गिऱ्हाईक घाईचं होतं. आई तिथे एकटी, मी शिरूरला. तिची काळजी वाटायची हे खरं. मला शिरूरला स्वतःचं ऑफिस टाकायचं होतं, हेही तितकंच खरं. रजिस्ट्रीच्या कचेरीत आई प्रत्येक कागदावर सावकाश सही करते. तुमच्या धंद्याचे शब्द तिला पाठ होते. मला हळूच विचारते, "ताबा कवा द्यायचाय?"

"आजच."

"आजच व्हय?"

अंगठ्याची शाई पदराला पुसत बसली. तिला आणखी काय हवं होतं, आठ दिवस की एक दिवाळी, मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्याकडे ती कुरकुर न करता राहिली. कुणी विचारलं तर "बरं हाय की" म्हणायची, आणि मला ते ऐकवत नसे.

आता हे पाठवणार तरी कुठे? तिथे ती तुम्हाला भेटली असेल, तरी माझी तक्रार करायची नाही. म्हणून मीच सांगते. मी विसरले नव्हते, आप्पा. गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं त्या दिवशी, मामाला बरं नाही असं खोटंच सांगून मी आईला सकाळच्या एसटीने केंदूरला पाठवून दिलं होतं. ती स्वयंपाकघरात असती, तर मला विचारावं लागलं असतं.