जेवून वकील, बसून वकील

मस्तगड, जालना
ता. १८ जानेवारी १९५७

दादास भालूचा नमस्कार.

इकडं सगळे बरे आहोत. थंडीनं आईचा गुडघा धरलाय, पण ती चालती-फिरती आहे. तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण मी मंठ्याला गेल्तो. बाबांनी एका पक्षकाराची सही आणायला धाडलं, एका दिवसाचं काम. तिथं फिरता सिनेमा आल्ता अन् तंबू ठोकायला माणूस कमी होता. चार दिवस तिथंच राह्यलो. पडद्याच्या मागच्या बाजूनं सिनेमा पाह्यलास कधी? सगळी माणसं डावखुरी दिसतात. घरी आलो तर बाबांनी सही आणली का एवढंच विचारलं.

हां, तर मी आता रोज त्यांच्या संगं कोर्टात जातो. हसू नको. त्यांचे उस्ताद पाशामियाँ वकील यांनी त्यांना शिकवलं, तसंच ते मला शिकवून राह्यले. पहिलं वर्ष नुसतं पाठीमागं बसायचं, कागदांचा बस्ता सांभाळायचा अन् ऐकायचं. दुसऱ्या वर्षी अर्ज लिहायचे. तोंड उघडायचं ते तिसऱ्या वर्षी. निजामाच्या काळात असं बसून, मंग परीक्षा देऊन सनद मिळायची. आता कॉलेजची डिग्री लागते. माझ्यासारख्या मॅट्रिक नापासाच्या बसण्याला काय किंमत? तरी बसतो. मी, ज्याला शाळेचा बाक कधी मानवला न्हाई.

बॅरिस्टर व्हायला तिथं विलायतेत हॉलमधी सत्तर-बहात्तर जेवणं जेवावीच लागतात, नुसती परीक्षा पास होऊन भागत न्हाई, असं तू आधीच्या पत्रात लिहिल्तंस. आईला ते फार आवडलं. घरी भरल्या ताटावरून उठायचा, तिथं सरकार बसवून जेवू घालतंय, म्हणाली. काय काय वाढतात ते मी वाचताना गाळलं. पाशामियाँ बाबांना म्हणाले, "हम उस्ताद कू पानां लगा-लगा को वकील बने, तुमारा बेटा खाना खा को बन रा." बाबा एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मागच्या बुधवारी मात्र वाईट झालं. पुण्याकडचे नवे मुन्सिफ आलेत. बाबांनी 'हक्क-ए-शुफा' म्हणून सुरुवात केली, तर ते म्हणाले, मराठीत सांगा. दादा, बाबा थांबले. तीस वर्षं कायदा उर्दूत बोललेला माणूस, घरात मराठीच बोलतो, पण तिथं एक शब्द येईना. सगळं कोर्ट पाहून राह्यलं. बाबांनी मागं वळून माझ्याकडं पाह्यलं. मी उठून म्हणालो, घर विकायला काढलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, मंग बाहेरच्याला.

मुन्सिफांनी विचारलं, "तुम्ही वकील आहात?"

"न्हाई साहेब. मी पाठीमागं बसतो."

लोक हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर बाबांनी बस्ता माझ्याकडून स्वतःकडं घेतला. म्हणाले, "आपला जगन्नाथ बॅरिस्टर होऊन आला की तुला मोकळं करतो, भालू. मंग कुठं फिरायचं तिथं फिर."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं.

तुझं पत्र घरी न येता कचरूच्या हाटेलावर आलं, तेव्हाच मी समजलो. जेवणं संपली, परीक्षा झाली, तिथंच एका बॅरिस्टराच्या हाताखाली जागा मिळाली, आता परत येत न्हाई, बाबांना वेळ पाहून सांग, असं तू लिहिलंस. मी वेळच पाहून राह्यलो. तो तंबूसुद्धा त्यासाठीच ठोकला.

तुला ये म्हणत न्हाई. पण कोर्टाच्या फाटकातून कोणी काळा कोट सावरत आला की चाल तुझीच वाटते. दोन पावलं पुढं जातो, मंग परत येऊन बसतो.

बाबांना तू स्वतः लिही, घरच्या पत्त्यावर. अन् उर्दूत लिही. तू गेल्यापासून घरात उर्दू फक्त त्यांनाच वाचता येतं. मराठीत लिहिलंस तर आईसाठी मला मोठ्यानं वाचावं लागेल, अन् ते माझ्याच्यानं होणार न्हाई. ते वाचतील तेव्हा मी जवळ असेन. मंठ्याला जाणार न्हाई.

तुझा, इथंच असलेला,
भालू